फोन आधी कोणी ठेवला

आमच्या ऑफिसात ‘नेट गेलं’ असं म्हणायला बंदी होती.

भिंतीवर तशी पाटी नव्हती, पण साहेबांच्या कानावर ते दोन शब्द पडले की ते हातातला चहा खाली ठेवायचे आणि चष्म्याच्या वरून बघायचे. “गेलं म्हणजे कुठे गेलं? पाय फुटले का त्याला? जाताना शेवटचं काय म्हणालं?” नवीन असताना मी एकदा “आपोआप गेलं, साहेब” असं म्हणून बसले. त्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की या जगात आपोआप फक्त नखं वाढतात. बाकी प्रत्येक गोष्ट कोणीतरी केलेली असते, आणि कोणी केली ते यंत्राने आधीच लिहून ठेवलेलं असतं. माणसं वाचत नाहीत, एवढंच. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, या माणसाचा एक स्क्रू ढिला आहे.

भिवंडीजवळ दापोड्याच्या गोदामांच्या रांगेत आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. साहेब तिथे मॅनेजर आणि मी मालाच्या पावत्या टाइप करणारी. मोबाईल तेव्हा आमच्यासारख्यांच्या हातात आलेला नव्हता. ऑफिसात एक कॉम्प्युटर आणि एक फोन. मग मुंबईच्या हेड ऑफिसचा हुकूम आला की दिवसभरात गेलेल्या मालाचा रिपोर्ट रोज संध्याकाळी इमेलने पाठवायचा, आणि हुकुमासोबत मोडेम नावाची एक डबी आली. फोनची लाइन आधी या डबीला लावायची आणि डबीतून पुढे फोनला. मग डबी स्वतः नंबर फिरवायची, किंचाळायची, खरखरायची आणि जमलंच तर नेट लागायचं. जोवर नेट लागलेलं, तोवर फोन मुका. लाइन एकच, तिच्यावर एक तर डबी बोलणार नाही तर आपण.

साहेबांनी त्या डबीवर जीव टाकला. तिच्यासाठी बायकोच्या जुन्या साडीचं आवरण शिवून आणलं. केबिनच्या बाहेर चपला काढायचा नियम केला आणि तो सगळ्यांना लागू केला. नाशिकहून रात्रभर गाडी चालवून आलेला ड्रायव्हरही दाराशी बूट काढून, भोकं पडलेल्या मोज्यांनी आत यायचा आणि देवापुढे उभं राहावं तसा उभा राहायचा. “धूळ,” साहेब म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या शर्टावर मात्र कालच्या आमटीचा डाग असायचा.

पण खरा जीव होता तो लॉगवर. डबीने काय काय केलं त्याची एकेक ओळ कॉम्प्युटर वेळेसकट लिहून ठेवायचा. नंबर लावला, पलीकडून शिट्टी आली, नाव विचारलं, पासवर्ड जुळला, तुटलं. आम्हाला वाटायचं, ही कॉम्प्युटरची आपली आपली बडबड असेल. साहेब ती सगळी प्रिंटरवर काढायचे, घरी न्यायचे, आणि सकाळी लाल पेन्सिलीच्या खुणा करून परत आणायचे. ते राहायचे भिवंडीत, आजूबाजूला लूमचे कारखाने. त्या खडखडाटात त्यांचं वाचन उत्तम व्हायचं म्हणे. शुक्रवारी लूम बंद असले की दुपारची झोपही लागायची नाही, अशी त्यांची तक्रार असे.

मला लॉग वाचायला त्यांनीच शिकवलं, मी नको म्हणत असताना. “डायलटोन नाही असं लिहिलंय ना? मग आपल्याच घरातली वायर निघालीय, उगाच दुसऱ्याला शिव्या देऊ नकोस. बिझी लिहिलंय? पलीकडे गर्दी आहे, गप बस थोडा वेळ. पासवर्ड नामंजूर? तुझी ओळख पटली नाही, नीट नाव सांग.” आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुटणं. लागलेलं नेट तुटलं तर त्याचे प्रकार तीन. आपण ठेवला, पलीकडच्याने ठेवला, किंवा दोघांनीही ठेवला नाही आणि मधेच वाट तुटली. तिन्हींची ओळ वेगळी येते. “बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, बरं का. पण उपाय तिन्हींचे वेगळे.”

हे सगळं त्यांनी डबीपुरतं ठेवलं असतं तर चाललं असतं. एक ड्रायव्हर एकदा भर दुपारी चालत ऑफिसात आला आणि म्हणाला, “साब, गाडी बंद पड गयी.”

“बंद होने के पहले क्या बोली?”

“साब, गाडी क्या बोलेगी?”

“बोलती है. तुम सुनता नहीं.”

त्या बिचाऱ्याला पुन्हा उन्हात पाठवलं. तासाभराने तो परत आला आणि मोजे सावरत उभा राहून म्हणाला, “साब, पहले खर्र बोली. फिर थोडा धुआँ दिया. फिर मेरे को देखा. फिर बंद.” साहेब इतके खूश झाले की मेकॅनिकला फोन करताना हे सगळं त्याच क्रमाने सांगितलं, ‘मेरे को देखा’ सुद्धा.

घरीही हेच. त्यांच्या बायकोने मला हळदीकुंकवाला बोलावलं होतं तेव्हा तिनेच सांगितलं. एकदा दोघांचं कशावरून तरी वाजलं आणि दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी हे समोर येऊन विचारतात, “बोलणं तू बंद केलंस की मी? की मधेच राहिलं?” तिने सांगितलं, “मी केलं. लिहून घ्या.” साहेब म्हणाले, “मग ठीक आहे, मला वाटलं मी केलं,” आणि निवांत पेपर वाचत बसले. सांगताना ती बाई हसत होती, पण पोह्यांची बशी जरा जोरातच ठेवली तिने माझ्यापुढे.

आता वय झालंय त्यांचं. मागच्या दिवाळीत मी भेटायला गेले तर मोबाईल कानाला लावून कोणाला तरी सांगत होते, “रेंज गेली म्हणू नका, तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात.” बायकोने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मला मात्र इतकं बरं वाटलं की विचारू नका. या माणसाच्या विक्षिप्तपणाचे माझ्यावर जे उपकार आहेत ते मी कोणाला फारसे सांगितलेले नाहीत. आज सांगते.

माझं गाव अकलोली. आई मी शाळेत असतानाच गेली. घरी बाबा आणि दोन म्हशी. नोकरीसाठी मी भिवंडीला मावशीकडे राहायला आले तेव्हा बाबांनी एक पद्धत घालून दिली. ते रोज संध्याकाळी वज्रेश्वरीला हॉटेलांत दूध घालायला जायचे. दूध घालून झालं की देवळाच्या रस्त्यावरच्या ओटीच्या दुकानात जो रुपयाच्या नाण्याचा फोन होता, तिथून माझ्या ऑफिसचा नंबर लावायचे. दोन रिंग वाजल्या की ठेवायचे. दोन रिंग म्हणजे ‘मी बरा हाय’. मी उचलायचा नाही. उचलला की नाणं आत गेलं, न उचलला तर परत. भिवंडी तालुक्यात तेव्हा निम्मी माणसं अशी फुकटात बोलत होती. ऑफिसात रोज त्या वेळी दोन रिंग वाजायच्या, मी टाइप करता करता हसायचे, आणि माझा दिवस संपायचा.

मग वाडा तालुक्याकडचं एक स्थळ आलं. मुलगा बरा होता, पण त्यांची अट अशी की मुलीने ट्रकवाल्यांच्या ऑफिसात नोकरी करायची नाही. मी नाही म्हणाले. बाबांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. “तुला तुजी ड्युटीच प्यारी, तं तिथंच ऱ्हा. हिकडं यायचं न्हाय.” मी पिशवी उचलली आणि मिळेल त्या बसने भिवंडीला आले. सोमवारी ऑफिसात गेले, संध्याकाळी कान फोनकडे लावून बसले. रिंग आली नाही. मंगळवारी नाही. आठवडा गेला, महिना गेला, नाही.

बाजाराला येणाऱ्या गावच्या एका काकूला मी विचारलं. “बापूस बरा हाय गो. म्हशी बी बऱ्या हायत,” ती म्हणाली. म्हणजे तब्येत ठीक होती. म्हणजे मुद्दामच. आईमागे मला वाढवलेल्या माणसाने मला मनातून काढून टाकलं होतं, दोन रिंगांपुरतीसुद्धा ठेवली नव्हती. वज्रेश्वरीची जत्रा आली, मी गेले नाही. एका रविवारी अकलोलीला जायला बसमध्ये बसले आणि कंडक्टर तिकिटाला यायच्या आत उतरले. मावशी म्हणायची, “जा आणि पाय धर.” पण ज्याने दार लावून घेतलंय त्याच्या दाराशी काय म्हणून जायचं? मला जेवण जाईना. रात्री उशीत तोंड खुपसून रडायचं आणि सकाळी ड्युटीवर जायचं, असं चाललं होतं. साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं.

साहेबांचं दुःख वेगळं होतं. संध्याकाळी रिपोर्ट पाठवायला नेट लावलं की मधेच तुटायचं. हेड ऑफिसचे मोठे साहेब फोनवर तोंडसुख घ्यायचे, रिपोर्ट वेळेवर येत नसतील तर हे ऑफिस चालवायचं कशाला, इथवर बोलायचे. साहेबांनी आधी शेजारच्या वेल्डिंगवाल्यावर संशय घेतला. एक संध्याकाळ त्याचं काम बंद ठेवायला लावलं. त्या दिवशीही तुटलंच. मग त्याला समोसे नेऊन माफी मागितली. मग व्होल्टेजवर, मग उंदरांवर, मग हेड ऑफिसवरच संशय घेऊन झाला. लॉगमध्ये मात्र दर वेळी एकच प्रकार यायचा, तिसरा. आपण ठेवला नाही, पलीकडच्याने ठेवला नाही, मधेच वाट तुटली.

एके सकाळी ते प्रिंटआउटची चळत घेऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, “गुन्हेगार सापडला. मीच आहे.”

झालं होतं असं. साहेबांनी बऱ्याच आधी अर्ज करून टेलिफोनवाल्यांकडून कॉल वेटिंगची सोय मागून घेतली होती, कोणाचा फोन चुकू नये म्हणून. आपण बोलत असताना दुसऱ्या कोणी फोन केला की कानात टूक असा आवाज यायचा. माणसाला तो आवाज कळतो. डबीला कळत नाही, लाइन मोडली असं समजून ती नेट सोडते. हे डबीसोबतच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आणि तेवढं पान सोडून बाकी सगळी पुस्तिका साहेबांनी पाठ केली होती. प्रिंटआउटवर त्यांनी लाल पेन्सिलीने ‘जबाबदार: मॅनेजर’ असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. त्यांचा चेहरा असा फुलला होता की बढती मिळालीय असं वाटावं.

“पण गंमत पुढे आहे,” ते म्हणाले आणि गोदामातल्या माणसांना, हजर असलेल्या ड्रायव्हरांना, सगळ्यांना बोलावलं. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. “बाकीच्या वेळी नेट तुटलं की लगेच फोन वाजतो, कारण ज्याने फोन केलाय तो तिकडे धरून बसलेला असतो. पण रोज संध्याकाळी एकदा, साधारण त्याच वेळी, नेट तुटतं आणि फोन वाजत नाही. का? कारण करणारा लगेच ठेवतो. त्याला तिकडे रिंग ऐकू जाते, त्याचं काम झालं. इकडे डबीचं नेट तुटतं, आणि आपल्याला काही ऐकू येत नाही. असा एक-दोन रिंग देऊन ठेवणारा कोणाचा माणूस आहे?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तो धूरवाला ड्रायव्हर म्हणाला, “साब, मेरी घरवाली देती है, मगर तीन. और वो सुबह. तीन मतलब सास आयी है, देर से आना.” सगळे हसले. मी हसले नाही.

“माझे बाबा द्यायचे,” मी म्हणाले. “दोन. संध्याकाळी.”

“द्यायचे म्हणजे?”

“आता देत नाहीत. आमचं भांडण झालंय.”

“देत नाहीत असं कोणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पाहिजे? येत नाहीत.”

“येत नाहीत की पोचत नाहीत?” साहेबांनी विचारलं आणि चळत माझ्यासमोर सरकवली. “भांडण कधी झालं?”

मी सांगितलं. त्यांनी अगदी तळाचा कागद काढला. त्याच सोमवारी डबी आली होती. मी रुसून परतल्यावर ऑफिसात आले त्याच दिवशी ऑफिसचा फोन संध्याकाळपुरता मुका झाला होता, आणि हे दोन्ही मी एकत्र कधी धरलंच नव्हतं. पहिल्या कागदावर त्याच वेळेची तुटल्याची ओळ होती. दुसऱ्यावर होती. मी पुढचे कागद उलटायला लागले तर साहेबांनी हात मधे घातला.

“इतक्यात खूश होऊ नकोस. हा लॉग एवढंच सांगतो की कोणीतरी फोन केला आणि ठेवला. कोण, ते सांगत नाही. एखाद्याचा रोज राँग नंबरही लागत असेल. आज डबी लावायची नाही. आज फोन मोकळा ठेवू.”

“आणि रिपोर्ट?”

“रिपोर्टवर कोणी रुसलेलं नाहीये,” साहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी मी ती वेळ कशी काढली ते मला सांगता येणार नाही. फोन टेबलावर, मी इकडे, साहेब तिकडे, आणि दारात उगाच रेंगाळणारे ड्रायव्हर. कोणीतरी विडी पेटवली तर बाकीच्यांनी त्याला बाहेर काढलं. उन्हं गोदामाच्या पत्र्यावरून खाली आली. आणि नेमका त्याच वेळी फोन खणखणला, एक रिंग, दोन, तीन, चार. साहेबांनी उचलला. हेड ऑफिस. रिपोर्ट कुठे आहे, म्हणून मोठे साहेब इतक्या जोरात विचारत होते की मलाही ऐकू येत होतं.

“पाठवतो साहेब. पण आता ठेवा, मला एक फोन यायचाय,” आमचे साहेब म्हणाले.

“कुणाचा?”

“अकलोलीचा,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. नोकरीतल्या माणसाने हेड ऑफिसचा फोन असा ठेवायचा नसतो. दारातल्या ड्रायव्हरनेही श्वास आत घेतला. साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली, टेबलावरच्या कागदावर ‘आपण ठेवला’ अशी नोंद केली आणि पेन्सिल परत खिशात टाकली.

आणि मग रिंग वाजली. एक. दोन. थांबली.

मी टेबलावर डोकं टेकलं. इतके महिने छातीवर जो धोंडा घेऊन मी फिरत होते तो उतरला, आणि तो केवढा होता ते उतरल्यावर कळलं. बाबांनी एकही दिवस चुकवला नव्हता. म्हशींची धार काढून, दूध घालून, त्या दुकानात उभं राहून ते रोज मला सांगत होते, आणि तिकडे त्यांना रिंग ऐकू जात होती, म्हणजे मलाही ऐकू येते असंच ते धरून चालले होते. रोज ऐकूनही पोरगी जत्रेला आली नाही, असं त्यांना वाटलं असणार. या विचाराने मला पुन्हा रडू आलं, पण हे रडू वेगळं होतं. साहेब घसा खाकरून म्हणाले, “एका दिवसाने सिद्ध होत नाही. उद्या पुन्हा बघू,” आणि मला पाठमोरे होऊन बराच वेळ डबीवरची साडी नीट करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी रिसीव्हरवर हात ठेवूनच बसले. साहेबांनी ड्रायव्हरांना आज गोदामाकडे पिटाळलं आणि स्वतःही बाहेर जाऊन उभे राहिले. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत मी फोन उचलला. तिकडे नाणं पडल्याचा आवाज झाला. मागे बसचा हॉर्न वाजत होता, ओटीवाली कोणाला तरी नारळाचा भाव सांगत होती. बाबांचा श्वास मला ऐकू येत होता.

“बाबा,” मी म्हणाले.

मला वाटलं, आता ठेवतात.

“उचललास कशाला गो?” बाबा म्हणाले. आवाज चिडका होता आणि कापत होता. “माजा रुपया गेला ना.”

मला रडू फुटलं. ते मी त्यांना ऐकू दिलं.

“रडू नको,” ते म्हणाले. “आता गेलाच हाय, तं बोल.”